तारेत गुंफलेले खडे आणि मणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, धाराशिव, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर इथून पुन्हा पुन्हा येतात. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात सांगणे टाळले आहे. तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापे मिलिमीटर आणि सेंटीमीटरमध्ये आहेत. गेज (तारेच्या जाडीचा नंबर) कुठला धरायचा हा गोंधळ मोठा आहे, म्हणून तिसरा प्रश्न आधी वाचावा.

१. डाख नाही, गोंद नाही, मग खडा तारेत टिकतो कसा?

तारेच्या ताठपणावर आणि तिच्या वाटेवर. नरम तार वाकवली, पिळली, गुंडाळली की ती जागच्या जागी कडक होत जाते आणि दिलेला आकार सोडत नाही. खड्याला किमान चार ठिकाणी पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून अटक मिळाली की तो हलत नाही. आपली मोत्याची नथ याच तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे: जाड तारेचा कणा आणि त्यावर बारीक तारेने बांधलेले मोती. गोंद लावून बसवलेला खडा पहिल्या उन्हाळ्यात किंवा पहिल्या धुण्यात सुटतो. गोंद लावावासा वाटला तर पकड कुठेतरी कमी पडली आहे असे समजावे आणि तीच दुरुस्त करावी.

२. सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत? मोठा संच घ्यावा का?

मोठा संच नको. तीन पकडी पुरतात: गोल तोंडाची पकड (कड्या वळवायला), चपट्या निमुळत्या तोंडाची, आतून गुळगुळीत असलेली पकड (धरायला, टोक दाबायला) आणि एका बाजूने सपाट कापणारा फ्लश कटर. इलेक्ट्रिशियनची पकड आणू नका. तिच्या तोंडातले दाते तारेवर खाचा पाडतात आणि पुढे तार तिथेच तुटते. तीच हाताशी असेल तर तोंडाला कापडी मेडिकल टेपचे दोन थर लावा.

याशिवाय स्टीलची पट्टी, बारीक कानस, ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि एक लाकडी मोगरी. कडी वळवायला वेगवेगळ्या जाडीच्या क्रोशाच्या सुया आणि रिकाम्या रिफिली उत्तम चालतात. पुढे हात बसला की नायलॉन तोंडाची पकड घ्यावी. वाकडी तार तिच्यातून दोनदा ओढली की सरळ होते. कापताना तारेचे टोक उडते, तेव्हा दुसऱ्या हाताचे बोट त्यावर ठेवा आणि चष्मा लावा.

३. व्हिडिओत २० गेज सांगितले होते. दुकानातून २० गेज आणली तर जाड निघाली. असे का?

कारण गेज दोन आहेत. परदेशी व्हिडिओ आणि ऑनलाइन दागिन्यांची तार अमेरिकी गेजमध्ये असते. आपल्याकडे हार्डवेअरच्या आणि मोटार वायडिंगच्या दुकानात जुने ब्रिटिश गेज चालते, त्याला एसडब्ल्यूजी म्हणतात. दोन्हीत आकडा वाढला की तार बारीक होते, पण जाडी सारखी नसते. अमेरिकी २० गेज म्हणजे ०.८१ मि.मी. आणि ब्रिटिश २० गेज म्हणजे ०.९१ मि.मी. हा फरक हाताला लगेच कळतो. मण्याच्या भोकात तर तार जातच नाही.

लक्षात ठेवायला सोपा मेळ असा: व्हिडिओत १८ म्हटले तर दुकानात १९ मागा (साधारण १.०२ मि.मी.). २० ला २१ मागा (०.८१), २४ ला २५ (०.५१), २६ ला २७ (साधारण ०.४१). बारीक तारेत मात्र अंतर दोनचे होते: अमेरिकी २८ ला ब्रिटिश ३० मागा (०.३२). सगळ्यात चांगले म्हणजे गेज न बोलता मिलिमीटरच सांगावेत.

जाडी मोजायला व्हर्नियर नसेल तर तार पेन्सिलीवर २० वेढे अगदी चिकटून गुंडाळा, वेढ्यांची रुंदी पट्टीवर मोजा आणि २० ने भागा. १० मि.मी. आली तर तार ०.५ मि.मी. आहे. इथून पुढे या पानावर मिलिमीटरच आहेत.

४. मोटार वायडिंगच्या दुकानातली तांब्याची तार चालते का? ती किलोवर स्वस्त पडते.

चालते, पण सगळ्या कामाला नाही. गावोगावी विहिरीच्या मोटारी भरणारी दुकाने आहेत, त्यामुळे मराठवाड्यात ही तार जितकी सहज मिळते तितकी दागिन्यांची तार मिळत नाही. ती पूर्ण नरम असते आणि तिच्यावर पारदर्शक इनॅमलचा थर असतो. म्हणून गुंडाळायला, विणायला आणि मोती बांधायला ती फार छान. इनॅमलमुळे तांबे बरेच दिवस चमकदारही राहते.

तिच्या उणिवा तीन. पहिली, नरम असल्याने तिचा कानातला हूक किंवा पेंडंटचा कणा ताठ राहत नाही. दुसरी, पकडीखाली इनॅमल खरवडते आणि तिथेच पुढे काळा डाग पडतो. तिसरी महत्त्वाची: ही तार आचेवर धरू नका. इनॅमल जळून घातक धूर निघतो. तिला तापवून नरम करायची गरजही नसते.

विकत घेताना टोक पॉलिश पेपरने खरवडून पाहा. आत पांढरट दिसले आणि गुंडी हाताला हलकी लागली तर ती ॲल्युमिनियमची वायडिंग तार आहे. ती दोन-तीन वाकवण्यांत तुटते. जळालेल्या मोटारीतून काढलेली जुनी तारही घेऊ नका. ती तापून ठिसूळ झालेली असते.

५. तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर, चांदी: कोणती तार घ्यावी?

शिकायला तांबे. नरम, स्वस्त, आणि चुकले तर तापवून पुन्हा वापरता येते. पितळ जास्त कडक आणि उसळते, बोटे दुखतात. पण हूक, नथीचा कणा आणि बांगडीला तेच हवे. चांदीची तार सराफाकडे ९२५ ची (साडेब्याण्णव टक्के चांदी), नरम करून मागावी. शंभर नंबरी चांदी विणायला सुंदर, पण कण्याला फार मऊ.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. निकेलने खाज आणि पुरळ येणारी माणसे पुष्कळ असतात, म्हणून कानात आणि नाकात ते देऊ नये आणि विकताना नाव स्पष्ट सांगावे. मुलामा दिलेली तार घेतली तर ती कानसू नका आणि तापवू नका. आतले तांबे उघडे पडते.

६. एका दागिन्याला किती तार लागते? १०० ग्रॅममध्ये किती मीटर येते?

शुद्ध तांब्याचा हिशेब: ०.८१ मि.मी. तार एका मीटरला साधारण ४.६ ग्रॅम भरते, म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे २१ मीटर. ०.५१ मि.मी.ची १०० ग्रॅममध्ये सुमारे ५४ मीटर. ०.३२ मि.मी.ची जवळजवळ १४० मीटर. शिकणाऱ्याला या बारीक तारेची १०० ग्रॅमची गुंडी कित्येक महिने पुरते.

वेटोळ्याला मात्र अंदाजापेक्षा जास्त तार जाते. ०.८ च्या कण्यावर ०.३२ ची तार चिकटून गुंडाळली तर एका सेंटीमीटरमध्ये ३१ वेढे बसतात आणि ११ सें.मी. तार खर्च होते. म्हणजे अकरा पट. हातात धरायला शेवटी ५ सें.मी. वेगळी ठेवावी.

मण्यांच्या साखळीसाठी: ६ मि.मी.चा मणी, ०.५१ ची तार, दोन्हीकडे गुंडाळलेली कडी, तर एका मण्याला साडेसात सेंटीमीटर. ४५ सें.मी.च्या माळेत असे सुमारे ३२ मणी लागतात, म्हणजे सगळी मिळून अडीच मीटर तार.

७. गुंडाळलेली कडी नीट कशी करायची? माझी दर वेळी वेगळ्या मापाची होते.

मण्याच्या वर तारेची किमान साडेतीन सेंटीमीटर शेपटी ठेवा. मण्याला लागून चपट्या पकडीने तार धरा आणि पकडीच्या वर काटकोनात वाकवा. पकडीच्या जाडीइतकी मान आपोआप सुटते, त्या मानेवरच वेढे बसणार आहेत. आता गोल पकड वाकाच्या आत घाला, शेपटी पकडीवरून पलीकडे ओढा, पकड फिरवून घ्या आणि शेपटी खालून आडवी काढा. गोल झाली. साखळीची पुढची कडी ओवायची असेल ती याच वेळी, वेढे घेण्याआधी. नंतर जागा राहत नाही.

गोल चपट्या पकडीत आडवे धरून शेपटीचे अडीच-तीन वेढे मानेवर मण्यापर्यंत घ्या, कापा, टोक दाबा. माप दर वेळी बदलते कारण गोल पकड निमुळती असते आणि आपण कधी टोकाला, कधी बुडाशी वळवतो. पकडीवर कायम मार्करने एक रेघ ओढा आणि दर वेळी तिथेच वळवा.

८. तार सारखी तुटायलीय. तार खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. तीच जागा तीन-चारदा वाकवली-सरळ केली की धातू तिथे कडक होऊन तडकतो. चुकलेला वाक परत परत सरळ करू नका, तो तुकडा सोडून द्या. दुसरे कारण दात्यांच्या पकडीची खाच (प्रश्न २).

साधी, इनॅमल नसलेली तांब्याची तार तापवून परत नरम करता येते. ती छोट्या घट्ट गुंडीत बांधा, म्हणजे एकट्या पडलेल्या वेढ्याला जास्त आच लागणार नाही. अंधाऱ्या खोलीत गॅसच्या ज्योतीवर सांडशीने फिरवत धरा, मंद लालसर दिसली की लगेच पाण्यात टाका. काळी पापडी येते. कोमट पाण्याच्या ग्लासात चमचाभर लिंबूसत्त घालून त्यात अर्धा तास ठेवली की निघते. खडा किंवा मणी बसवल्यानंतर हा प्रकार कधीही करायचा नाही.

९. वेटोळ्यात फटी पडतात, विणकाम तिरके जाते.

बारीक तार कण्याला काटकोनात येत नसते. कणा स्थिर धरा, बारीक तार कण्याजवळ, बोटभर अंतरावर पकडा आणि दर वेढ्याला ओढ सारखी ठेवा. लांबून ओढली की कोन बदलतो. दर दहा-बारा वेढ्यांनी नखाने वेढे मागे सरकवून चिकटवा. दोन मीटर तार मोकळी सोडली तर तिला मोड पडतात आणि मोडाच्या जागी ती तुटते. ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून लागेल तशी सोडा.

१०. टोके साडीत, ओढणीत अडकतात.

कापताना कटरची सपाट बाजू दागिन्याकडे हवी. मग टोक चपट्या पकडीने मागच्या बाजूला, वेढ्याच्या दिशेने दाबा. कानशीचे एक-दोन हात. तपासायची पद्धत अशी: जुनी नायलॉनची साडी किंवा पायमोजा दागिन्यावरून सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे धागा ओढला जातो तिथे काम बाकी आहे.

११. खड्याला भोक नाही. तो पेंडंटमध्ये कसा बसवायचा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. मागे सपाट, पुढे फुगीर, ३० × २२ मि.मी. लंबगोल अकीक खडा धरून सांगतो. याचा घेर ८.२ सें.मी. आहे. तुमच्या खड्याचा घेर दोऱ्याने मोजा.

०.८ मि.मी.च्या तीन तारा प्रत्येकी २४ सें.मी. कापा, सरळ करा, मध्यावर खूण करा. तिन्ही शेजारी ठेवून एका टोकाला टेपने बांधा. ०.३२ ची दोन मीटर तार घ्या. मध्यापासून सुरुवात करून पहिल्या आणि दुसऱ्या तारेभोवती दोन वेढे, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेभोवती दोन वेढे, असे आलटून पालटून विणत जा. एक बाजू झाली की उरलेल्या तारेने दुसरी. विणलेली पट्टी ८ सें.मी. झाली की थांबा. घेरापेक्षा दोन मिलिमीटर कमी ठेवायची, म्हणजे वर बांधताना ती खड्याला आवळते. घेराइतकी किंवा जास्त विणली तर खडा आयुष्यभर खडखडतो.

पट्टीचा मध्य खड्याच्या तळाशी ठेवून दोन्ही बाजू वर आणा. खडा क्षणभर बाजूला काढा. पट्टीची मागची तार सगळीकडून थोडी आत वाकवा, ही खड्याची बैठक झाली. खडा बसवा आणि पुढची तार चार ठिकाणी, घड्याळातल्या दोन, चार, आठ, दहा या जागी, नायलॉन पकडीने किंवा अंगठ्याच्या नखाने खड्यावर झुकवा. वर सहा टोके एकत्र येतात. ती ०.३२ च्या तारेने चार-पाच वेढ्यांनी करकचून बांधा. सहापैकी मधली दोन वर नेऊन ५ मि.मी.च्या विणकामाच्या सुईवर वळवा, तिथे साखळी ओवायचे कडे होते. पुढची दोन खड्याच्या कडेवरून नक्षीसारखी खाली आणून बाजूच्या विणीत अडकवा. मागची दोन पाठीवरून एकमेकींना ओलांडून अडकवा.

तीन तारांची पट्टी साधारण ३ मि.मी. रुंद होते. खड्याची कड त्याहून जाड, चार मिलिमीटरच्या वर असेल तर चार तारा घ्या, नाहीतर पुढची-मागची तार खड्यावर पोचतच नाही. शेवटी पेंडंट कानाजवळ धरून हलवा. आवाज आला तर पुढच्या अटकी पुन्हा दाबा.

१२. थेंबाच्या आकाराचा खडा खालून निसटतो.

निमुळते टोक वर आणि जड पोट खाली असते, म्हणून सगळा भार तळावर येतो. वरची बांधणी कितीही घट्ट केली तरी उपयोग नाही. तळाच्या मध्याला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, अशा तीन अटकी पुढून लागतात. त्यासाठी विणताना मध्यावर एक वेढा सैल सोडून पुढच्या तारेचा छोटा फुगवटा करून ठेवा, तो नंतर खड्यावर दाबता येतो. वरच्या टोकाला आडवे भोक असलेल्या थेंबाला हे लागत नाही. ०.४ ची तार भोकातून घालून दोन्ही पाय वर त्रिकोणात जुळवा आणि एकाचे वेढे दुसऱ्यावर घ्या.

१३. अजिंठ्याला, वेरूळला घेतलेले स्फटिक तारेत बसवता येतील का?

आधी ते कोणते आहेत ते पाहा. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, तसेच गारगोटी आणि अकीक तयार होतात. ते विहिरी आणि खाणी खोदताना निघतात. पर्यटकांना विकले जाणारे बहुतेक नमुने यातलेच. दिसायला सारखे, पण कठीणपणा फार वेगळा: मोसच्या मापाने (आकडा मोठा तितका दगड कठीण) गारगोटी ७, अपोफिलाइट साडेचार ते ५, स्टिलबाइट साडेतीन ते ४, कॅल्साइट ३. लोखंडी खिळ्याने मागच्या कोपऱ्यात ओरखडून पाहा. ओरखडा उठला तर ती गारगोटी नाही.

गारगोटी आणि अकीक निर्धास्त वापरा. अपोफिलाइटचा तुरा सुंदर दिसतो, पण तो आडवा, सपाट फुटतो आणि पकडीचा एक धक्का त्याला पुरतो. त्याला कण्याच्या तारा दगडावर वाकवायच्या नाहीत. आधी मोकळ्या हाताने तारेचा पिंजरा करायचा, दगड आत सोडायचा आणि पिंजरा वरून बोटांनी मिटायचा. असे पेंडंट समारंभापुरते. रोज वापरायला, अंगठीला आणि बांगडीला कधीच नाही. पांढऱ्या लोकरीसारखा ओकेनाइट तर हात लावताच दबतो, तो शोकेसमध्येच ठेवावा.

स्टिलबाइट-ह्युलँडाइटसारख्या झिओलाइटमध्ये पाणी बांधलेले असते, त्यामुळे आच आणि आम्ल दोन्ही वर्ज्य. भडक निळे-गुलाबी स्फटिक दिसले तर ओला कापूस घासून पाहा. रंग लागला तर रंगवलेला आहे.

१४. गोदावरीच्या पात्रातले, शेतातले गोटे चालतील का?

गोदाखोऱ्याच्या वाळूत अकीक आणि गारगोटीचे गुळगुळीत गोटे सापडतात आणि ते तारकामाला फार चांगले. ओला केल्यावर दिसतो तसा रंग वाळल्यावर राहत नाही, याची कल्पना ठेवा. त्यासाठी पॉलिशच लागते. तेल लावून चमकवलेला गोटा धूळ धरतो. लेण्यांच्या, किल्ल्यांच्या, जुन्या देवळांच्या संरक्षित परिसरातून दगड उचलू नका.

१५. पैठणच्या, तेरच्या शेतात पावसानंतर जुने मणी सापडतात. ते माळेत ओवू का?

नको. पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान आणि तेर म्हणजे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत दोन्ही बाजारपेठांची नावे आहेत आणि पैठणहून भडोचला गाड्यांतून अकीकसारखे दगड जात असल्याचा उल्लेख आहे. त्या मातीत सापडलेला मणी दोन हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो. त्याचे भोक कोणत्या बाजूने पाडले, कसे झिजले, यावरून अभ्यासकांना त्याचा काळ आणि कारागिरी कळते. तार घालून, घासून आपण तीच खूण पुसतो.

कायदाही आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे. मणी धुवू नका, कागदात गुंडाळा, कुठे सापडला ते लिहा आणि तहसील कार्यालयात किंवा तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात कळवा. तसे मणी हवेच असतील तर गुजरातेत खंभातला आजही अकीकाचे मणी घडतात, ते घ्या.

१६. घरच्या घरी मोत्याची नथ करायची आहे. तार कोणती आणि मोती किती?

कण्याला ०.६ ते ०.७ मि.मी. पितळ, १२ सें.मी. मोती बांधायला ०.३२ ची तार, ६० सें.मी. मधला लाल मणी ४ मि.मी.चा आणि भोवती ३ मि.मी.चे मोती सात: या मापांना सातच बरोबर बसतात. मधला आणि बाजूचे एकाच मापाचे घेतले तर सहा. आठ कोंबले की फूल वाटीसारखे उचलते.

सात मोती बारीक तारेत ओवून गोल करा, पहिल्या मोत्यातून तार पुन्हा काढा आणि ओढा. लाल मणी मध्ये घेऊन तार समोरच्या मोत्याशेजारून मागे काढा. हे फूल कण्याच्या वळणावर चार वेढ्यांनी बांधा. उरलेल्या कण्यावर चढत्या-उतरत्या मापाचे मोती ओवा आणि टोकाला बारीक कडी वळवा. एकाच मोत्यातून तार दोनदा जाते, म्हणून मोती घेताना दुकानातच तारेचा तुकडा भोकातून दुहेरी घालून पाहा. खऱ्या मोत्याचे भोक प्लास्टिकच्या मोत्यापेक्षा बरेच बारीक असते. तिथे ०.२५ ची तार लागेल.

टोचलेल्या नाकात जाणारा भाग तांब्याचा किंवा पितळेचा ठेवू नका. तेवढा सोन्याचा किंवा ९२५ चांदीचा करून घ्या.

१७. नाक टोचलेले नाही. चापाची नथ सैल पडते.

चाप नरम तारेचा आहे. ०.८ चे पितळ घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवा, दोन्ही टोके बारीक कड्यांत वळवून गुळगुळीत करा. मग यूचा वाक मोगरीने पोलादी ठोकळ्यावर हलके ठोका, म्हणजे तो उसळता होतो. दोन टोकांत दोन मिलिमीटर फट ठेवा आणि नाकावर घालून जुळवा. नाक लाल झाले तर चाप घट्ट आहे. फुलाचे वजन जास्त असेल तर घट्ट चापही घसरतो, तेव्हा मोती कमी करा.

१८. कानातल्या हुकाला किती तार आणि वजन किती चालते?

०.८ मि.मी., प्रत्येकी ५ सें.मी. दोन्ही हूक एकदमच, एकाच पेनावर वळवा, म्हणजे जोडी जुळते. वळवून झाल्यावर वाक ठोकून किंचित चपटा करा आणि कानात जाणारे टोक पॉलिश पेपरने गोल करा. एका कानाला दहा ग्रॅमच्या आत ठेवावे. प्रश्न ११ मधला खडा एकटाच पाच ग्रॅमच्या आसपास असतो, त्यावर तार आणि मणी धरा. नुकत्याच टोचलेल्या कानात तांबे किंवा पितळ नको.

१९. अंगठी नेहमी घट्ट होते.

वेढे आतूनही जाडी वाढवतात, म्हणून. आपल्याकडचे अंगठीचे माप सोपे आहे: आतला घेर मिलिमीटरमध्ये, वजा ४०. घेर ५४ असेल तर १४ नंबर. तारेची अंगठी मापाच्या दांड्यावर दोन नंबर मोठी सुरू करावी. ८ मि.मी.च्या मण्याला ०.८ ची ४० सें.मी. तार पुरते. बोट संध्याकाळी मोजा. उन्हाळ्यात सकाळचे माप फसवते.

२०. तांब्याने त्वचा हिरवी होते. अपाय आहे का?

नाही. घामातले क्षार आणि आम्ले तांब्यावर काम करतात आणि हिरवे संयुग तयार होते, ते साबणाने निघते. एप्रिल-मे महिन्यात जास्त होते. आतल्या बाजूला पारदर्शक लॅकर फवारले तर काही आठवडे टिकते. नेलपॉलिश मात्र पापुद्र्याने निघते. हिरवे नाही, पण खाज आणि पुरळ आले तर कारण निकेल असण्याची शक्यता जास्त (प्रश्न ५).

२१. दागिना काळवंडला. चिंच-मिठाने घासू का?

देवाची भांडी घासतो तसे घासायचा मोह होतो, पण आधी खडा पाहा. मोती, कवडी, पोवळे, कॅल्साइट, मॅलाकाइट आणि झिओलाइट आम्लाने खराब होतात; मोत्याची चमक एकदा गेली की परत येत नाही. गारगोटी, अकीक आणि काचेच्या मण्यांना चिंच-लिंबू चालते, मात्र दोन मिनिटांत धुवा. बाकीच्यांना कोरड्या मऊ कापडाने पुसणे एवढेच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचे पाणी फिल्टरचे घ्या. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत खडूच्या तुकड्यासोबत ठेवा.

२२. मुद्दाम जुना, काळपट रंग कसा आणायचा?

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून डब्यात ठेवा, दागिना त्याला न टेकवता शेजारी ठेवा, झाकण घट्ट लावा. त्यातल्या गंधकाच्या वायूने रात्रभरात तांबे तपकिरी-काळे होते. मग उंच भाग पॉलिश पेपरने उजळा, खोलगट जागा काळ्या राहून वीण उठून दिसते. इनॅमल असलेल्या तारेवर काहीच होत नाही. मोत्याच्या कामात आधी तार काळी करून मग मोती ओवा.

२३. कवडीला तार कशी लावायची?

नवरात्रात तुळजापूरच्या बाजारात कवड्या भरपूर मिळतात. पाठीला, टोकापासून तीन-चार मिलिमीटरवर एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा, कवडी पाण्यात बुडवून ठेवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही आणि तडाही जात नाही. ०.५ ची तार भोकातून घालून फटीतून बाहेर काढा आणि वर गुंडाळलेली कडी करा (प्रश्न ७). भोक नकोच असेल तर प्रश्न १३ मधला पिंजरा चालतो.

२४. फिरोजा म्हणून घेतलेला खडा खरा आहे का?

स्वस्त फिरोजा बहुतेक वेळा रंगवलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड असतो. भोकाच्या आत पाहा. तिथे पांढरे दिसले तर रंगवलेला. ओपलाइट आणि चमचमता तपकिरी सनसितारा हे तर काचच आहेत. काच वापरण्यात कमीपणा नाही, पण गिऱ्हाइकाला काच म्हणूनच सांगावी. जांभळा अमेथिस्ट उन्हात ठेवून फिका पडू शकतो, तेव्हा दुकानाच्या काचेत उन्हाच्या बाजूला मांडू नये.

२५. किंमत कशी ठरवायची? बचत गटाच्या स्टॉलवर लोक घासाघीस करतात.

तार वजनावर मोजा आणि वाया गेलेली धरूनच मोजा, सुरुवातीला पाचवा हिस्सा जातो. त्यात खडा, हूक, डबी, मग घड्याळ लावून मोजलेले तास, मग स्टॉलचे भाडे आणि प्रवास. तासाची मजुरी आधी ठरवून लिहून ठेवा. बहुतेक जणी साहित्याच्या दुप्पट किंमत लावतात. विणलेल्या पेंडंटला चार तास लागत असतील तर त्यात मजुरी निघत नाही. घासाघीस होणारच असेल तर स्टॉलवर साध्या कड्यांची कानातली पुढे ठेवा. विणलेले काम ऑर्डरवर करा.

२६. तार एका जागी तुटली. सोनाराकडून डाख लावून घेऊ का?

खडा आत असताना नाही. ज्योतीच्या उष्णतेने अकीकसुद्धा तडकू शकतो, मोती जळतो आणि शेजारची कडक झालेली तार नरम होऊन पकड सोडते. गुंडाळायची बारीक तार तुटली असेल तर तुटलेली दोन्ही टोके मागे दाबा. नवी तार तीन वेढे आधीपासून सुरू करून तीन वेढे पुढपर्यंत न्या, जोड दिसत नाही. कण्याची तार तुटली असेल तर दागिना उलगडावाच लागतो: बारीक तार कापून काढा, खडा सोडवा, कण्याला नवी तार घ्या. जुन्या तारेचे तुकडे टाकून देऊ नका. साधे तांबे असेल तर प्रश्न ८ प्रमाणे नरम होते, आणि दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे कड्यांना पुरतात.